पाच डावखुरे

२० जून १९७७, सोमवार

ही वही सगुणानं दिली. "रोज तेच तेच सांगून माझं डोकं खाता, त्यापेक्षा ह्यात लिहा," म्हणाली. बायको आहे, ऐकावं लागतं.

आजपासून मी कॉलेजात शिकवतो. कागदावर 'तबला-शिक्षक, तात्पुरता' असं आहे, पण शिपायानं सकाळी दारातच 'नमस्ते सर' केलं आणि कळवणच्या भिकन आहेरचा आहेर सर झाला. छत्तिसाव्या वर्षी! पंधरा वर्षं भजनाला वाजवलं, नाटकाला वाजवलं, गायनाच्या क्लासात बेसूर पोरींच्या मागं वाजवलं. पुरे झालं. आता शिकवायचं.

वर्ग झकास आहे. समोर बाक आणि माझ्यासाठी हातभर उंच लाकडी व्यासपीठ, वर सतरंजी. त्यावर बसलं की सगळा वर्ग पायाशी. आमचे बहिरूबुवा आयुष्यभर पंचवटीतल्या एका अंधाऱ्या खोलीत जमिनीवर बसून शिकवत गेले. आज असते तर त्यांना हे व्यासपीठ दाखवलं असतं.

प्राचार्यांनी मात्र बोलावून घेतलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. तबला हा विषय एक वर्षाच्या बोलीवर. एप्रिलमध्ये पुण्याहून परीक्षक येतील. मुलं चांगली उतरली तर विषय चालू आणि तुम्हीही चालू. नाहीतर दोन्ही बंद. बंद म्हणजे मी विंचूरला, सगुणाच्या भावाच्या कांद्याच्या खळ्यावर. मेहुणा मंगळू वाटच बघतोय. "दाजी, वजनकाट्याशी घरचा माणूस लागतो," असं दर दिवाळीला ऐकवतो. ज्या हातानं तबल्यावर बुवांचा कायदा वाजवला त्या हातानं मी कांद्याची पोती ढकलू काय? हट्!

४ जुलै, सोमवार

सात विद्यार्थी झाले. पाच मुली, दोन मुलगे. वाद्यं आलेली नाहीत. अर्ज गेलाय, टेबलावर आहे, सहीला आहे, असं रोज वेगवेगळं कळतं.

तोपर्यंत माझा तबला आहे. माझा म्हणजे बहिरूबुवांचा. जाताना त्यांनी मला दिला आणि बजावलं, "ह्याला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही." नऊ वर्षांत सगुणानंसुद्धा त्यावरची धूळ पुसलेली नाही. म्हणून मी वर वाजवतो आणि मुलं खाली बाकावर बोटं वाजवतात. मी करतो तसं करा, एवढं सांगितलंय. शिसवी बाक आहेत, आवाज काही वाईट येत नाही.

बुवा वाजवताना डोळे मिटायचे. मीही मिटतो. डोळे उघडे ठेवून वाजवणारा माणूस लोकांकडं बघतो, तालाकडं नाही.

२३ जुलै, शनिवार

पाऊस खिडकीतून थेट आत. गोरक्ष आणि सावळीराम ह्या दोन दांडगटांचा बाक भिजतो म्हणून तो उचलून माझ्या पाठीमागं, फळ्याशी लावला. दोघंही तिथं माझ्या खांद्यावरून बघत बसतात. मला ते मुळीच आवडलेलं नाही. गुरूच्या पाठीमागं बसून कुणी शिकतं का! ह्या दोघांचं काही खरं नाही.

पाच मुली मात्र समोर नीट ओळीत बसतात. सगळ्यांत हुशार लंका पगारे. तिचे वडील केरू पगारे ओझरला विमानाच्या कारखान्यात आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी जलशात ढोलकी वाजवतात म्हणे. पोरीची लय अशी पक्की की मी चुकलो तर ती चुकत नाही. (मी चुकत नाहीच म्हणा.)

१२ ऑगस्ट, शुक्रवार

डबा घरी विसरलो. सगुणा घेऊन आली. वर्गाच्या दाराशी उभी राहून पाच मिनिटं बघत होती. संध्याकाळी भाकरी थापताना विचारते, "तुमच्या सगळ्या पोरी डावखुऱ्या आहेत का हो?"

मी म्हटलं, "तुला तबल्यातलं काय कळतं?"

"तबल्यातलं नाही कळत. हात कळतात," म्हणाली, आणि "तुम्हाले सांगीसन काय फायदा" असं पुटपुटली. चिडली की ती अशी माहेरच्या बोलीवर जाते. मी लक्ष दिलं नाही. एकेकाची लय बसवता बसवता माझा जीव जातोय आणि हिला हात मोजायचेत.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

त्रिताल सगळ्यांना तोंडपाठ. हातानं टाळी-खाली दाखवत बोल असे म्हणतात की शेजारच्या भूगोलाच्या वर्गातून तक्रार आली. मला बरं वाटलं.

तास संपल्यावर लंका थांबली. "सर, एक विचारायचं होतं. घरी आमचे अण्णा ढोलकी वाजवतात तेव्हा..."

मी मध्येच तोडलं. "घरचं घरी. इथं शास्त्र शिकायला आलीस ना? मग मी करतो तसं कर."

"हो सर," म्हणाली आणि गेली. गुणी मुलगी. वाद घालत नाही.

खंडेनवमी

वर्गात तबल्याची पूजा केली. मुलांनी शेवंतीची फुलं आणली होती. मी सगळ्यांना लांबूनच वाहायला सांगितलं, हात लावायचा नाही. लंकानंही फूल आणलं होतं, पण ती दारातच थांबली आणि ते गोरक्षच्या हाती देऊन निघून गेली. लाजाळू आहे.

९ जानेवारी १९७८, सोमवार

वाद्यं आली! पुण्याहून तबल्याचे चार जोड, नव्याकोऱ्या चामड्याचा वास, शाई अशी काळीभोर. मी व्यासपीठावरून उतरलो आणि मुलांना पहिल्यांदा जमिनीवर बसवलं. पहिल्या चौघींपुढं उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला डग्गा, असे मी स्वतः मांडले. म्हटलं, चला, त्रिताल, एकदम.

आणि काय सांगू! माझ्या डोळ्यांदेखत ओळीतल्या पहिल्या शकूनं तबला उचलून डावीकडं ठेवला आणि डग्गा उजवीकडं. मग सुलानं. मग तिसरीनं, चौथीनं. मला वाटलं चेष्टा चाललीय. मी ओरडलो, "हा काय फाजीलपणा आहे?"

शकू घाबरून म्हणाली, "सर, तबला ह्या हाताला नाही का? तुमचा ह्याच बाजूला असतो."

मी वर व्यासपीठाकडं बघितलं. मग तिच्याकडं बघितलं. मग माझ्या हातांकडं बघितलं.

सहा महिने ह्या पोरी माझ्यासमोर बसल्या. माझा उजवा हात त्यांना त्यांच्या डाव्या बाजूला दिसला. सरांनी सांगितलं होतं, मी करतो तसं करा. त्यांनी केलं. समोर बसलेल्या पाचही जणी उलट्या हातानं तयार झाल्या आहेत. ज्या दोघांचं काही खरं नव्हतं, पाठीमागं बसलेले ते गोरक्ष आणि सावळीराम, तेवढेच सरळ हाताचे. आणि मी डोळे मिटून ताल ऐकत होतो!

घरी आलो. सगुणाला काही सांगितलं नाही. तिनं ऑगस्टातच सांगितलं होतं.

१० जानेवारी, मंगळवार

आज जबरदस्तीनं हात बदलायला लावले. एक जण धड चार मात्रा वाजवू शकली नाही.

१२ जानेवारी, गुरुवार

तिसरा दिवस. शकू रडायला लागली. "सर, आता माझ्या बोटांना काहीच कळत नाही, हे पण नाही आणि ते पण नाही." एप्रिलला तीन महिने राहिले. सहा महिन्यांचं पुसायचं कधी आणि नवं लिहायचं कधी? मी फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो. कुणाला तोंड दाखवावंसं वाटेना.

गोंधळात एकच गोष्ट दिसली. लंका गुपचूप तबला उजवीकडं घेऊन बसली आणि साफ वाजवायला लागली. कायदा, पलटे, सगळं. मी म्हटलं, "अगं, तू कधी शिकलीस?"

"घरी अशीच वाजवते, सर. अण्णांची ढोलकी अशीच आहे. इथं तशी वाजवायची."

"मग सांगायचं नाहीस?"

ती जमिनीकडं बघत म्हणाली, "मला वाटलं, कॉलेजचं शास्त्र वेगळं असतं. आमचं घरचं चुकीचं असेल."

मला शकूपेक्षा जास्त रडायला आलं.

१३ जानेवारी, शुक्रवार

शेवटी सगुणाला सगळं सांगितलं. म्हटलं आता हसेल. हसली नाही. भाजी निवडत होती, निवडतच म्हणाली, "मग तबला उचलून पलीकडं ठेवा. पोरींना कशाला उचलता?"

एवढं साधं! तबला बोलतो, त्याला डावं-उजवं कुठं कळतं? ज्या हातानं पोरगी बोलवेल त्या हाताशी बोलेल. वीस वर्षं तबल्यात घालवून मला हे सुचलं नाही आणि हिला मेथी निवडताना सुचलं.

पण परीक्षक काय म्हणतील? पुण्याचे आहेत. पाच जणी ओळीनं उलट्या बसलेल्या बघून ते पहिल्यांदा शिक्षकाचं नाव विचारतील.

१५ जानेवारी, रविवार

केरू पगारे घरी आले. सायकल बाहेर लावली आणि पायरीवरच थांबले. मी "या या" म्हटल्यावर आत आले, पण सतरंजीच्या कडेला बसले. सगुणानं चहा दिला. चहा संपेपर्यंत ओझरच्या बसबद्दल बोलत होते. मग कप खाली ठेवला.

"सर, राग मानू नका. सहा महिने झाले, लंका म्हणती, सरांच्या तबल्याला अजून हात लावला नाय. म्हटलं, पोरीच्या मनात काय बसायच्या आधी आपण जाऊन विचारावं. आमच्या हातामुळं तर नाय ना?"

मी एकदम म्हटलं, "छे छे! मी कुणालाच लावू दिला नाही. सातांपैकी एकालाही नाही. माझ्या बायकोलासुद्धा नाही."

"बास. तेवढंच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं," असं म्हणून ते उठले. चांगले हसून गेले.

मी खरंच सांगितलं होतं. तरी खरं बोलल्यासारखं वाटेना. लंका खंडेनवमीला दारात का थांबली हे मला आज कळलं, आणि मी वहीत काय लिहिलं होतं? लाजाळू आहे. बुवा जत्रेत हलगीवाल्यापाशी तास तास उभे राहायचे, त्याच्या हातातलं ऐकून घ्यायचे, घरी येऊन आम्हाला शिकवायचे. पण त्या हलगीवाल्याला त्यांनी कधी... पुढचं आज लिहवत नाही.

१७ जानेवारी, मंगळवार

आज एक आठवलं. बुवांनी मला कधीच समोर बसवलं नाही. त्या अंधाऱ्या खोलीत जागाच नव्हती. मांडीला मांडी लावून शेजारी बसायचो. त्यांचा उजवा तो माझा उजवा. चुकलो की त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागायचा. बुवांचं बोलणं मी शब्दन् शब्द लक्षात ठेवलं आणि त्यांचं बसणं विसरलो.

व्यासपीठ भिंतीला लावून टाकलं. त्यावर आता मुलं दप्तरं ठेवतात.

२० फेब्रुवारी, सोमवार

एक महिना लिहिलं नाही, कारण वेळच नव्हता. चौघी उलट्या हाताच्या, दोघे सरळ हाताचे, आणि लंका दोन्हीकडची. चौघींच्या शेजारी बसून दाखवणार कोण? मला उलटं येत नाही. म्हणून लंका त्यांच्या शेजारी बसते, उलट्या हातानं दाखवते, आणि मी सगळ्यांच्या मधून फिरतो. डोळे उघडे ठेवून.

काल घरी मी उलटं वाजवून पाहिलं. तबला बोलेचना! छत्तीस वर्षांचा गडी, 'ना' काढताना तोंड वाकडं झालं. सगुणा पदरात तोंड खुपसून हसत होती. पण आज शकूचा तिरकिट अडखळला तेव्हा मी ओरडलो नाही. कुठं अडतं ते मला कालच कळलं होतं.

मुली झपाट्यानं पुढं चालल्यात. सुलाचा डग्गा काय घुमतो! गोरक्ष अजून बाक बडवल्यासारखाच वाजवतो, पण सुधारतोय.

१० मार्च, शुक्रवार

परीक्षेचे फॉर्म भरायचे होते. शेवटी एक रकाना, 'विशेष माहिती'. मी पेन हातात घेऊन बराच वेळ बसलो. मग लिहून टाकलं, 'सात विद्यार्थ्यांपैकी पाच डावखुरे.' (लंका वर्गात चौघींबरोबर उलटंच वाजवते, म्हणून तिलाही धरलं.)

खोटं आहे. पण ह्यात कुणाचं वाईट होत नाही. डावखुऱ्यानं उलटं वाजवलं तर जगात कुणी हरकत घेत नाही. प्राचार्यांनी वाचलं आणि म्हणाले, "पाच? योगायोगच म्हणायचा." मी म्हटलं, "हो ना."

तासाला मुलींना सांगितलं. नंतर लंकानं विचारलं, "सर, परीक्षकांनी विचारलं तर आम्ही डावखुऱ्या आहोत म्हणून सांगायचं?"

"विचारलं तरच," असं मी म्हटलं. तिनं मान हलवली, पण तिच्या नजरेला नजर देता आली नाही मला.

११ एप्रिल, मंगळवार

उद्या परीक्षा. ऊन असं की कॉलेजच्या आवारात माणूस दिसत नाही. चारही तबले ओल्या फडक्याखाली झाकून आलो. चामडं तडकायची भीती. बुवांचा तबला जवळ असावा म्हणून उद्या बरोबर नेणार आहे. नुसता जवळ.

मंगळूचं पत्र आलंय. मे महिन्यापासून या म्हणतो. पत्र सगुणानं डब्याखाली ठेवलंय. बघू.

१२ एप्रिल, बुधवार

आजचं सगळं जसं घडलं तसं लिहितो.

परीक्षक आले. साठीचे, पांढरं धोतर, काळी टोपी, बोलणं मोजकं. त्यांनी फॉर्म वाचला. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "पाच डावखुरे? एका वर्गात?"

मी म्हटलं, "हो सर. योगायोग."

"बरं," म्हणाले. मग हजेरीचा कागद पुढं सरकवला. "सगळ्यांनी इथं सही करा."

अरे देवा! माझ्या डोक्यात ही गोष्ट कशी आली नाही? शकू पुढं झाली, पेन घेतलं आणि उजव्या हातानं टोकदार सही ठोकली. मग सुला, उजव्या हातानं. मग तिसरी, चौथी. सगळ्या उजव्या हातानं, सुवाच्य अक्षरात. लंकाची पाळी आली. तिच्या ते ध्यानात आलं होतं. पेन डाव्या हातात धरून ती माझ्याकडं बघत उभी राहिली. त्या हाताला धड लिहिता येणार नव्हतं, तरी माझ्यासाठी ती खोटी सही करायला निघाली होती.

माझ्यानं ते बघवेना. "लंका, उजव्या हातानं कर," मी म्हटलं. आणि परीक्षकांपुढं जाऊन सांगून टाकलं. "सर, एकही डावखुरी नाही. मी उंचावर बसलो, ह्यांना समोर बसवलं, माझ्या तबल्याला हात लावू दिला नाही, आणि डोळे मिटून शिकवलं. ह्यांनी जे दिसलं ते केलं. मग मी फॉर्मात खोटं लिहिलं. चूक सगळी माझी आहे. मार्क कापायचे तर माझे कापा, पण ह्यांचं एकदा ऐकून घ्या."

गायनाच्या बाई साथीचा लेहरा धरायला पेटीशी बसल्या होत्या, त्यांचा भाता हवेतच राहिला.

परीक्षकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "ऐकायलाच आलोय," म्हणाले. "बसा."

गोरक्ष आणि सावळीराम वाजवून गेले. ठीक. मग शकू बसली, तबला डावीकडं. पहिल्या आवर्तनाला परीक्षक तिच्या हातांकडं बघत होते. दुसऱ्याला खाली बघून टाळी धरायला लागले. तिच्यामागून सुला, मग बाकीच्या दोघी. कुणी समेला चुकली नाही.

शेवटी लंका. तिनं तबला जुळवायला हातोडी लावली आणि फाटकन आवाज झाला. चामड्याची पुडी तडकली. बाकीचे जोड घ्यावेत तर उन्हानं तोवर त्यांची पट्टी इतकी चढलेली की पेटीशी जुळेनात. लंका खाली मान घालून बसून राहिली. परीक्षक घड्याळाकडं बघायला लागले.

माझ्या शेजारी बुवांचा तबला होता. मी गवसणी सोडली. उचलून नेला आणि तिच्यापुढं ठेवला.

ती हात मागं घेऊन बसली. "सर, हा?"

"हाच."

"सर, कुठल्या हातानं वाजवू?"

मी म्हटलं, "तुझ्या घरच्या. अण्णांच्या."

तिनं तबला उजवीकडं घेतला. शाईवर बोट ठेवण्याआधी क्षणभर थांबली, आणि मग असा 'धा' आला की मला बहिरूबुवांची खोली आठवली. त्यांचा कायदा होता, मी शिकवलेला. पण मध्येच तिनं एक पलटा टाकला तो माझा नव्हता, बुवांचाही नव्हता. ढोलकीचा होता, जलशातला. तबल्यावर तो इतका शोभला की परीक्षकांच्या तोंडून "वा पोरी!" निघून गेलं. मी उभ्या उभ्या रडलो. लाज वाटली नाही.

जाताना परीक्षकांनी काहीच सांगितलं नाही. नुसता नमस्कार केला. काय होणार कळत नाही. पण आज झोप लागेल.

१४ एप्रिल, शुक्रवार

केरूअण्णांनी जयंतीला बोलावलं होतं. सगुणा आणि मी गेलो. वस्तीत निळ्या पताका, लाऊडस्पीकर, बायका नव्या लुगड्यांत. अण्णांनी मला व्यासपीठावरच्या खुर्चीत बसवायला आणलं. मी म्हटलं, "व्यासपीठ नको, अण्णा. त्यानं माझा घात केलाय." खाली त्यांच्याशेजारी मांडीला मांडी लावून बसलो.

परवाचा तो पलटा त्यांनी मला सावकाश दाखवला. तिसऱ्यांदा जमला. तेव्हा जानेवारीत अर्धं सोडलेलं वाक्य मनात पुरं झालं. त्या हलगीवाल्याला बुवांनी कधी घरात बोलावलं नाही. त्याचं घेतलं, पण त्याला आपल्यासमोर बसवलं नाही, शेजारी तर नाहीच. बुवा माझे देव आहेत. तरी हे असं होतं, आणि त्यांच्याकडून घेताना मी हेही घेऊन आलो होतो. लिहून टाकलं. हलकं वाटतंय.

२२ मे, सोमवार

प्राचार्यांनी घरी शिपाई पाठवला. तसाच उठून गेलो. सातही पास. लंका पहिल्या वर्गात, शकू आणि सुलाही. विषय चालू. तात्पुरता हा शब्दही काढून टाकायचं बघतायत.

परीक्षकांचा शेरा प्राचार्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला. 'विद्यार्थ्यांची तयारी उत्तम. शिक्षक प्रामाणिक आहेत, थोडे उशिरा. त्यांनी शिकवताना डोळे उघडे ठेवावेत.'

घरी येऊन सगुणाला सांगितलं. म्हणाली, "हे मी ऑगस्टातच सांगितलं होतं. मला द्या पहिला वर्ग." मंगळूला पत्र टाकलं, वजनकाट्याशी दुसरा माणूस बघ.

१९ जून १९७८, सोमवार

नवीन वर्ष. अकरा नावं आली आहेत. जुने सातही मदतीला हजर, लंका सगळ्यांत पुढं. नव्यांना समोर बसायची सवय, सगळे ओळ धरून बसले. मी म्हटलं, "समोर नको. शेजारी या." गोल करून बसवलं. मधोमध बहिरूबुवांचा तबला ठेवला.

पहिली मुलगी पुढं सरकली, ठमा नावाची, पेठ रस्त्यावरच्या एका वाडीतली. बारकी, घाबरलेली. हात तबल्यावर नेला आणि वरच थांबवला. "सर, हात लावू?"

मी काही म्हणायच्या आत शकू, सुला, लंका, सगळ्या एकदम ओरडल्या, "लाव की!"

तिनं उजवा हात तबल्यावर ठेवला, डावा डग्ग्यावर. बरोबर ठेवला. पण माझे डोळे उघडे होते. तिच्या उजव्या हाताची बोटं नवख्या पाहुण्यासारखी अवघडून पडली होती, आणि डाव्याची मात्र आपोआप हलत होती.

मी विचारलं, "लिहितेस कुठल्या हातानं?"

ती ओशाळली. "डाव्या. पण सर, मी उजव्यानं वाजवीन. शाळेत सगळं उजव्यानंच करायला लावायचे."

लंका माझ्याकडं बघून हसायला लागली. मी उठलो, बुवांचा तबला उचलला आणि ठमाच्या डाव्या बाजूला ठेवला.